दुकानाच्या भिंतीवर उलटी कमान

त्या पुलाचा अहवाल मी पूल बघायच्या आधीच अर्धा लिहून ठेवला होता. नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. देवणीकडच्या रस्त्यांचं आणि मोऱ्यांचं काम माझ्याकडं होतं. दगडी बांधकामाला भेग पडलीय असं कळलं की अहवालाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: सदर बांधकाम धोकादायक असून ते पाडून नवीन स्लॅबचा पूल प्रस्तावित करावा. ते वाक्य मी सकाळी कचेरीतच टाइप केलं आणि स्कूटीला किक मारली. दुपारच्या जेवणाला परत यायचं, असा बेत होता.

गाव ओढ्याच्या अलीकडं आणि जवळजवळ सगळी शेतं पलीकडं. मधे निजामाच्या काळातला काळ्या दगडाचा पूल, एकाच रुंद कमानीचा. भादव्यात ओढ्याला असा पूर आला होता की पाणी कठड्यावरून गेलं. पाणी ओसरल्यावर कोणाला तरी कमानीच्या पोटात भेग दिसली आणि पंचायतीनं दोन्ही बाजूंना बाभळीच्या फांद्या टाकून पूल बंद केला. माणसं चिखलातून, गुडघाभर पाण्यातून ये-जा करत होती. सोयाबीन काढणीला आलेलं आणि ट्रॅक्टर पलीकडं न्यायचा तर बारा कोसांचा वळसा, असं सगळे सांगत होते. वळसा खरं तर तेवढा नव्हता, पण मी वाद घातला नाही.

मी ओढ्यात उतरले तेव्हा कमानीखाली एक म्हातारे गवंडी दगडाला तळहात लावून उभे होते, डॉक्टर पोटाला लावतात तसा. कठड्याचे पडलेले दगड परत बसवायला पंचायतीनं त्यांना बोलावलं होतं. ते सीमेपलीकडचे, बोलण्यात निम्मं कानडी. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी बिडी विझवली आणि बाजूला झाले. मी मोबाइलमध्ये फोटो काढायला लागले. भेग चांगली बोटभर होती, कमानीच्या अगदी मधोमध, खालून उघडलेली. मी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले की हे काही टिकत नाही आता.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्यो पडायला न्हाई. ह्यो बसायलाय."

मला वाटलं, कठड्याचं काम हातचं जाईल म्हणून म्हणत असतील. पण त्यांनी माझा हात धरल्यासारखं करून मला बाहेर नेलं आणि पुलाच्या तोंडावरची, बाजूनं दिसणारी कमान दाखवली. डाव्या खांद्याला दोन दगडांमधली दरज उघडली होती, आणि उजव्या खांद्यालाही. गंमत अशी की या दोन्ही भेगा वरच्या बाजूला रुंद होत्या आणि खाली मिटलेल्या. मधली मात्र खाली रुंद आणि वर मिटलेली.

मी तिथंच चिखलात उभी राहिले.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत असताना हा विषय मी कसाबसा काठावर सोडवला होता. कमानींचा धडा तर परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनीच सोडला होता. तरी आमच्या सरांचं एक वाक्य डोक्यात राहिलं होतं: कमानीला भेग पडली म्हणजे तिला बिजागरी आली असं समजा. जिथं भेग मिटलेली, तिथं बिजागरी. तीन बिजागऱ्यांवर कमान उभी राहते, जमीन थोडी सरकली तर तेवढ्यापुरती वाकून घेते. चौथी आली की मात्र कोसळते. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. आता ते वाक्य माझ्यासमोर काळ्या दगडात उभं होतं. एक मधे वरच्या कडेला, दोन खांद्यांना खालच्या कडेला. बरोबर तीन.

मग मी चौथी शोधायला लागले. चपला काठावर टाकल्या, सलवार वर खोवली आणि पाण्यातून या तोंडाकडून त्या तोंडाकडं गेले. एकेक दरज बोटानं चाचपली. गवंडी मला खांद्यावर हात ठेवायला देऊन निसरड्या दगडांवरून नेत होते आणि मी काय शोधतेय ते विचारत होते. मी सांगितल्यावर तेही शोधायला लागले. तासभर आम्ही दोघं कमानीखाली माना वर करून फिरलो. चौथी नव्हती.

पण "सरांनी सांगितलं होतं" हे अहवालात लिहिता येत नाही. कचेरीतल्या संगणकावरचा प्रोग्राम स्लॅबचा आणि बीमचा, दगडी कमानीला त्याचा उपयोग नाही. मग मला वर्गातली साखळी आठवली. दोन खिळ्यांना साखळी टांगली की ती ज्या आकारात लोंबते, तोच आकार उलटा केला तर दगडाची कमान त्यात उभी राहते. साखळीत नुसती ओढ असते आणि दगडात नुसता दाब, फरक तेवढाच. कमानीच्या जाडीच्या आत कुठंही ती उलटी साखळी बसवता आली की कमान तगून आहे असं मानायचं.

गवंड्यांकडं ओळंब्याची दोरी होती. वजनं हवी होती, आणि एक मोकळी भिंत.

गावाच्या वेशीशी किराणा दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि हात सतत तराजूवर. त्यांचं स्वतःचं सोयाबीनही पुलापलीकडं उभं होतं, त्यामुळं मी कोण हे त्यांना माझ्या आधीच कळलेलं होतं. पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला, पूल पाडणार का. मी म्हणाले, तेच तुमच्या भिंतीवर बघायचंय. त्यांनी माझ्याकडं, माझ्या चिखलाच्या पायांकडं आणि मग गवंड्यांकडं पाहिलं. गवंडी कानडीत काहीतरी बोलले. अक्कांनी बाजूच्या भिंतीला टेकलेली रिकामी पोती स्वतः ओढून बाजूला केली.

आम्ही कमानीची मापं घेऊन आलो. मी त्या भिंतीवर, खताच्या जाहिरातीशेजारी, खडूनं कमान काढली, उलटी आणि लहान मापात. खडूच्या दोन रेघा, एक कमानीच्या पोटाची आणि एक पाठीची. मधली जागा म्हणजे दगडाची जाडी. मग कमानीचे बारा तुकडे मानले आणि प्रत्येक तुकड्याचा दगड व त्याच्यावरचा मुरमाचा भराव यांचं वजन कागदावर काढलं. मधे भराव जेमतेम हातभर, कडेला पुरुषभर, म्हणून कडेचे तुकडे कितीतरी जड.

त्या वजनांच्या प्रमाणात ज्वारीच्या बारा पुड्या अक्कांनी बांधल्या. मी आकडा सांगायचा, त्यांनी तराजूत ज्वारी टाकायची, वर्तमानपत्राचा तुकडा फिरवायचा आणि दोऱ्याचा फास. एकही पुडी त्यांनी दुसऱ्यांदा तोलली नाही. पाचव्या पुडीला त्यांनी विचारलं की ही मधली एवढी हलकी आणि कडेची एवढी जड कशी. मी सांगितलं. त्या म्हणाल्या की मग पुलाचा भार खांद्यावरच हाय की, माणसासारखा. मी मान डोलावली. मला परीक्षेत हे एवढ्या सोप्या शब्दात लिहिता आलं नसतं.

दोरी दोन खिळ्यांना बांधली आणि पुड्या एकेक करून जागेवर अडकवल्या. सुरुवातीला दोरी वेडीवाकडी, कुठं रेघेबाहेर, कुठं आत. शेवटची पुडी अडकवून मी हात सोडला तेव्हा ती जरा झुलली आणि स्थिर झाली. मधे अजून रेघेच्या बाहेर होती. मी एका खिळ्याशी दोरी थोडी आखडली. मग अजून थोडी.

आणि ती आत बसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खडूच्या दोन रेघांच्या मधे.

एवढंच असतं तर मी खुशीत घरी गेले असते. पण गवंडी भिंतीजवळ गेले आणि त्यांनी दोरीवर बोट न लावता तीन जागा दाखवल्या. मधे दोरी पाठीच्या रेघेला टेकली होती. दोन्ही खांद्यांना ती पोटाच्या रेघेला टेकली होती. बाकी सगळीकडं रेघांपासून सुटी. त्या तीनच जागी पुलावर भेगा मिटलेल्या होत्या. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं होतं, पण ती जुळणी दोघांनाही एकाच क्षणी दिसली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी नुसतीच त्यांच्याकडं बघून हसत राहिले.

तोवर दुकानापुढं माणसं जमली होती. मी फोटो काढला आणि अक्कांना म्हणाले, आता हा उलटा करून बघा. त्यांनी मोबाइल उलटा केला की फोटो आपोआप सुलटा व्हायचा. तीनदा झालं. शेवटी त्या मोबाइल तसाच हातात धरून स्वतःच मान खाली घालून वाकायला लागल्या. तेव्हा मी फोटो फिरायचं बंद करून दिलं. उलट्या फोटोत दोरीची कमान उभी होती आणि ज्वारीच्या पुड्या आकाशाकडं लोंबत होत्या. अक्का बराच वेळ बघत होत्या.

मग त्यांनीच खरा प्रश्न काढला. हा झाला पुलाचा आपला भार. माझ्या ट्रॉलीचं काय? मी भरलेल्या ट्रॉलीच्या चाकांच्या भाराची एक पुडी बांधून घेतली आणि कमानीच्या पाव अंतरावर अडकवली, कारण भार मधे येतो त्यापेक्षा तिथं आला की कमानीला जास्त जड जातं. दोरी एका बाजूला खेचली गेली आणि रेघेबाहेर आली. मी दोरी अजून आखडली. ती बाहेरच. अजून आखडली. आता ती आत आली, एका ठिकाणी रेघेच्या इतकी जवळ की मधून वहीचं पान गेलं असतं. पण आत. दोन ट्रॉल्या एका वेळी गेल्या तर काय, हे मी लावूनच पाहिलं नाही. एका वेळी एकच, हे मी तिथंच मनात लिहून टाकलं.

त्या संध्याकाळी मी अहवालातलं शेवटचं वाक्य खोडलं.

आमचे साहेब निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. मी पुड्यांचा फोटो दाखवून तासभर बोलले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की तुमचं बरोबर असेल, पण पुलावरून माणसं जाणार आणि खाली सही माझी असणार. तीनही भेगांवर चुन्यात काचेच्या पट्ट्या बसवा. भेग केसभर हलली तरी काच तडकते. पंधरा दिवस काच शाबूत राहिली तर पुढचं बघू. मला ते रास्त वाटलं. खरं सांगायचं तर मला खात्री होती, म्हणून रास्त वाटलं.

पाचव्या दिवशी अक्कांचा फोन आला. मधली काच तुटली होती.

मी स्कूटीवरून जाताना रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या. पूल बंदच होता, वरून साधी सायकलही गेली नव्हती, तरी भेग हलली होती. साहेबांना फोन केला. ते रागावले नाहीत, त्यामुळं जास्त वाईट वाटलं. कागद तयार ठेवा, एवढंच म्हणाले. कोणता कागद ते मला माहीत होतं. दुकानाच्या भिंतीवर दोरी आणि पुड्या अजून तशाच लोंबत होत्या. दोन पुड्या चिमण्यांनी फोडल्या होत्या.

गवंड्यांना मी म्हणाले की माझी दोरी चुकली. त्यांनी भिंतीकडं पाहिलं आणि मान हलवली. दोरी चुकली न्हाई, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही खिळे भिंतीत घट्ट आहेत म्हणून दोरी खरं बोलतेय. पुलाचे खिळे घट्ट आहेत का ते कुठं कोणी बघितलंय.

मी पूल कमानीतच शोधत बसले होते. कमानीचे दोन पाय काठात कशावर उभे आहेत, हे मी वाकून पाहिलंही नव्हतं.

त्यांनी पहार घेतली आणि पलीकडच्या काठाशी पाण्यात उतरले. पायाच्या दगडांखाली गाळात पहार टोचत सरकत गेले. टक्, टक्, टक्, दगडाचा आवाज. मग एका जागी आवाजच आला नाही आणि पहार हातभर आत गेली. ते थांबले. पहार काढून पुन्हा घातली. परत तसंच. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हितं या. ह्यो कल्लु हवेवर बसलाय."

कल्लु म्हणजे दगड. पुरानं पायाखालची माती धुऊन नेली होती. आत एवढी पोकळी होती की माझा हात कोपरापर्यंत गेला. तो पाय रोज थोडा थोडा खचत बाहेर सरकत होता आणि कमान त्याच्याबरोबर वाकत होती, जेवढं वाकता येईल तेवढं. कमानीचा दोष काडीचाही नव्हता. मी पाण्यातूनच साहेबांना फोन लावला. त्यांना एकच सांगितलं, कागद राहू द्या, आधी या.

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. पँट दुमडून ओढ्यात उतरले, स्वतः पहार घालून पाहिली. मग कमानीखाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले. त्यांनी इतक्या वर्षांत कितीतरी स्लॅब टाकले असतील, पण असं कमानीच्या पोटाशी उभं राहून कधी पाहिलं नव्हतं, हे त्यांनीच नंतर जीपमध्ये बसताना मला सांगितलं. पाया दुरुस्त होऊ शकतो असं त्यांनी ठरवलं, पण अट घातली. काम चालू असताना कमानीखाली लाकडी सेंट्रिंगचा आधार उभा राहिलाच पाहिजे. गवंडी म्हणाले की त्याची गरज न्हाई. साहेब म्हणाले की गरज नसली तरी असू द्या, तुमच्या डोक्यावर काही पडलं तर मला झोप येणार नाही. गवंडी हसले आणि सेंट्रिंग आलं.

वाळूची पोती टाकून ओढा एका बाजूला वळवला. पायाखालचं सगळं एकदम खणायचं नाही, हे गवंड्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. एक हात रुंद खणायचं, घट्ट जमिनीपर्यंत जायचं, भरून घ्यायचं, ते धरलं की मगच पुढचा हात सोडून त्याच्या पुढचा. मी कचेरीतून रोज संध्याकाळी तिकडं जायचे. कामापुरतं जायला हवं होतं त्याहून जास्त वेळा गेले, हे कबूल करते. पाया झाल्यावर त्यांनी भेगा आणि दरजा चुन्यानं भरल्या. मी विचारलं, सिमेंट का नको. चुना थोडा देतो-घेतो, सिमेंट हटून बसतं आणि दगड फोडतं, असं त्यांचं उत्तर. मधली भेग दाबून मिटवायचा मात्र त्यांनी विचारही केला नाही. कमान जशी बसलीय तशीच तिला सोयीची, असं ते म्हणाले.

पाचरा काढायचा दिवस ठरला तेव्हा सगळं गाव काठावर. सेंट्रिंगच्या खांबांखाली लाकडी पाचरा ठोकलेल्या असतात. त्या थोड्या थोड्या सैल केल्या की सेंट्रिंग खाली उतरतं आणि कमान आपल्या पायावर येते. आम्ही नव्या काचा बसवल्या होत्या. साहेबांनी सगळ्यांना कमानीपासून लांब उभं केलं. गवंडी आणि मदतीला आलेला त्यांचा भाऊ दोन्ही कडांनी एकेक ठोका देत होते, एक इकडं, एक तिकडं. माझी नजर मधल्या काचेवर. प्रत्येक ठोक्याला मी नखं तळहातात रोवत होते. कितीतरी ठोके झाले. मग गवंडी उठले आणि त्यांनी सेंट्रिंगची फळी आणि कमान यांच्या मधे हात घातला. हात आरपार गेला. कमान एकटी उभी होती. काच शाबूत होती.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. अक्का म्हणतात की मी शिट्टी वाजवली, पण मला शिट्टी वाजवता येत नाही.

काचा पुढं पंधरा दिवस राहिल्या. मग भरलेली ट्रॉली सावकाश, माणसाच्या चालीनं, तीनदा पुलावरून नेली. मी खाली बाजूला उभी राहून टॉर्च मारत काचा बघत होते. तिन्ही तशाच. साहेबांनी सही केली, आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना दगडी खुंट रोवायला लावले, ट्रॉली मावेल पण मोठा ट्रक घुसणार नाही एवढ्या अंतराचे. एका वेळी एकच वाहन, असा फलक लागला. गावातले काहीजण नाराज झाले, त्यांना नवा पूल हवा होता. त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं.

अक्कांचं सोयाबीन तोवर कापून पलीकडं शेतात रचलेलं होतं, ताडपत्रीखाली मोठी बनीम. ज्या दिवशी मळणीयंत्र पुलावरून पलीकडं गेलं त्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांनाही शेतात बोलावलं. साहेब येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले, घरच्यांनाही घेऊन आले. अक्कांनी भुईमुगाच्या शेंगा उकडल्या होत्या. बनिमीच्या सावलीत आम्ही बसलो. साहेब आणि गवंडी मला अजिबात विचारात न घेता निलंग्याकडच्या एका दोन कमानींच्या मोरीबद्दल वाद घालत होते. साहेबांच्या मते तिचा मधला खांब कललेला होता. गवंडी म्हणत होते की तो बांधतानाच तसा बांधलाय.

"आधी पाण्यात उतरून बघू की," मी मधेच म्हणाले. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. रविवारी सकाळी निघायचं ठरलं, आणि अक्कांनी माझ्या ताटात आणखी एक ओंजळ शेंगा टाकल्या.